उजेड हनुवटीपाशी मोजायचा

गेले काही आठवडे मी दिसेल त्याच्या हनुवटीखाली मीटर धरते आहे. आईच्या, भाचीच्या, डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या गजरेवाल्या मावशींच्यासुद्धा. मावशींनी विचारलं, "ताप बघतेस का गं?" म्हटलं, "नाही, उजेड मोजते." तर हातातला गजरा तसाच ठेवून त्या काटा बघायला वाकल्या. मी मीटर उन्हाकडे वळवलं, काटा सर्रकन वर गेला आणि त्या म्हणाल्या, "अगो बाई!" माझंही अगदी तेच झालं होतं.

सुरुवात ठाण्याला झाली, चरईतल्या मामाच्या घरी. कपाट आवरताना याशिका मॅट १२४ जी सापडला. दोन भिंगांचा, वरून झाकण उघडून खाली मान घालून बघायचा कॅमेरा. केसच्या कप्प्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलचं रिकामं खोकं होतं. झाकण उघडलं आणि काचेवर मामाची खिडकी, कुंडी, वाळत घातलेला पंचा असं सगळं चौकोनात उभं राहिलं, डाव्याचं उजवं होऊन. मी तो कॅमेरा खाली ठेवलाच नाही. डोंबिवलीला येताना लोकलमध्येही मांडीवर घेऊन बसले.

कॅमेऱ्याला स्वतःचं मीटर आहे. झाकण उघडलं की ते चालू होतं. पण त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागतो आणि ते सेल बाजारातून केव्हाच गेले. आजचा १.५ व्होल्टचा बसवला तर काटा हलतो, पण खोटं सांगतो. आणि १२० च्या रोलवर या कॅमेऱ्यात फोटो किती? फक्त १२. अंदाजाने उडवायला एकही फ्रेम जास्तीची नाही.

म्हणून फोनवर अ‍ॅप घेतलं. फुकट! फिल्मची आयएसओ सांगायची, फोन समोर धरायचा, की अ‍ॅपर्चर आणि शटरची जोडी हजर. मला वाटलं, झालं, आता काय उरलं? गुढीपाडव्याला सकाळी साडेसातला फडके रोडवर हजर झाले. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा मी लहानपणापासून बघते आहे, पण गळ्यात कॅमेरा अडकवून पहिल्यांदाच. इमारतींच्या सावलीत ढोल-ताशा पथक उभं होतं, सगळे पांढऱ्या कुर्त्यात, भगवे फेटे. कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा इलफर्ड एचपी५. पथकाकडे फोन धरला. अ‍ॅप म्हणालं, १/२५० ला एफ १६. तसंच लावलं आणि सहा फ्रेम घेतल्या.

रोल धुऊन आला तेव्हा रडू यायचं बाकी होतं. कुर्ते मळकट राखाडी आणि फेट्याखालचे चेहरे काळोखात. ढोलावर टिपरू आपटतानाचा तो क्षण होता, पण वाजवणाऱ्या मुलीचे डोळेच निगेटिव्हवर नव्हते.

मामाने निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि एकच वाक्य बोलला, "तुझ्या फोनला काय ठाऊक कुर्ता पांढरा आहे ते?"

या वाक्याने माझं डोकं उघडलं. फोनचा कॅमेरा वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. पांढरा कुर्ता पुष्कळ उजेड परत फेकतो, काळा कोट जवळजवळ सगळा गिळतो. पण मीटरला कुर्ता, कोट काहीच कळत नाही. समोर जे आहे ते मधल्या राखाडी रंगाचं, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, एवढं गृहीत धरून ते हिशेब करतं. त्यामुळे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेडच फार आहे, आणि ते फोटो काळवंडून टाकतं. अ‍ॅप बिघडलेलं नव्हतं. मी त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता!

पुढच्या रविवारी मामा मला कल्याणला त्याच्या मित्राकडे घेऊन गेला. या काकांनी पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला आणि लग्नं काढली. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं सेकॉनिकचं एल-३९८ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. गोल तबकडी, वर काटा आणि डोक्यावर पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूएवढा दुधी घुमट. सेल नाही, बॅटरी नाही, काही नाही! आत सेलेनियमची चकती आहे. तिच्यावर उजेड पडला की तीच वीज तयार करते आणि त्या विजेवर काटा चढतो. मधलं बटण दाबलं की काटा मोकळा, सोडलं की आहे तिथे थांबतो. मग तबकडी फिरवायची आणि समोर येणाऱ्या जोड्यांतली हवी ती उचलायची.

काका म्हणाले, "हे फोटो काढणाऱ्याने स्वतःकडे धरायचं नाही. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या हनुवटीशी धरायचं आणि घुमटाचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं." म्हणजे माणसावरून परत येणारा नाही, माणसावर पडणारा उजेड मोजायचा. कुर्ता पांढरा असो की काळा, पडणारा उजेड तोच. आणि घुमट अर्धगोल का, तर चेहराही सपाट नसतो. डावीकडच्या खिडकीतून, वरून, उजवीकडच्या भिंतीवर आपटून, जसा गालांवर येतो तसा सगळा उजेड त्या अर्ध्या चेंडूवर येतो. ही युक्ती डॉन नॉरवूड या अमेरिकी माणसाची. मला तर त्याला पत्र लिहावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मीटर घेऊन मी पुन्हा फडके रोडवर गेले. तीच वेळ, तशीच सावली. भावाला पांढरा कुर्ता घालून उभा केला. फोन म्हणाला, १/२५० ला एफ १६. मीटर म्हणालं, १/२५० ला एफ ८. दोन स्टॉपचा फरक! म्हणजे पाडव्याला मी फिल्मला लागत होता त्याच्या एक चतुर्थांश उजेड दिला होता. ती मुलगी तिथेच उभी होती, तिच्या चेहऱ्यावर उजेडही होता, मीच तो आत येऊ दिला नाही.

मग मला उलटी बाजू बघायची घाई झाली. कल्याणला दुर्गाडीच्या अलीकडे, गोविंदवाडीच्या बाजूला म्हशींचे तबेले आहेत. ढगाळ सकाळी एक ओली, काळीकुळकुळीत म्हैस बाहेर बांधलेली होती. फोनने तिला बघितलं आणि एफ ४ सांगितलं. गवळीदादांच्या परवानगीने मी मीटर तिच्या मानेशी नेलं, तर एफ ८. दोन्ही प्रकारे एकेक फ्रेम घेतली. फोनच्या रीडिंगवर म्हैस राखाडी आली, धुळीत लोळल्यासारखी. मीटरच्या रीडिंगवर ती काळी आली, आणि त्या काळ्यात पाठीवरच्या पाण्याची चकाकी सुटी दिसते. हा फोटो मी टेबलासमोर लावला आहे.

पण म्हणून अ‍ॅप फोनवरून काढलं नाही, आणि तुम्हीही काढू नका. ठाण्याला तलावपाळीवर संध्याकाळी गेले होते. मासुंदा तलावाच्या पलीकडचे दिवे लागत होते, पाण्यात त्यांच्या रेघा उतरत होत्या. सेलेनियमचा काटा जागचा हलेना. अशा अंधुक उजेडात त्या चकतीची ताकद संपते. शिवाय मीटर धरायला मी तळ्याच्या पलीकडे पोहोचणार कशी? तिथे फोनच कामाला आला. झूम करून फक्त पाण्यावरची चमक घेतली, मग काठावरची झाडं घेतली, आणि दोन्हींच्या मधलं धरलं. १/१५ ला एफ ३.५. कॅमेरा कठड्यावर टेकवून, श्वास रोखून बटण दाबलं. सुरेख आला.

काही अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये फोनच्या पडद्याशेजारचा उजेडाचा सेन्सर वापरून पडणारा उजेड मोजायची सोय असते. आकडा लक्समध्ये येतो. माझ्या फोनवर तोही करून बघितला. सेन्सर अगदी छोटा, सपाट आणि काचेखाली. फोन जरासा तिरका झाला की आकडा धडाधड उतरतो. घुमटाची सर त्याला नाही. तरी फोन हनुवटीशी सरळ धरलात तर पांढऱ्या कुर्त्याची फसवणूक त्यानेही टळते. आणि काहीच हाताशी नसेल तर दुपारच्या लख्ख उन्हात एफ १६ लावा आणि शटर फिल्मच्या आयएसओएवढं ठेवा. ४०० च्या फिल्मला १/५००. हा जुना नियम आजही बरोबर चालतो.

माझा निकाल सरळ आहे. शिकायला अ‍ॅपने सुरुवात करा, लांबचं दृश्य आणि संध्याकाळ त्याच्यावर सोपवा. माणसाचा चेहरा असेल तर मीटर घेऊन चार पावलं पुढे चालत जा. त्या चार पावलांत आणखी एक गोष्ट होते. आपण त्या माणसाच्या जागी उभे राहतो आणि त्याच्यावर उजेड कुठून येतो आहे ते पहिल्यांदा बघतो. लोकलच्या दारातल्या बाईच्या एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर डब्यातला अंधार असतो. इतकी वर्षं डोंबिवली-ठाणे करूनही हे मला दिसलं नव्हतं.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडे कितीतरी घरांत आजोबांचा, काकांचा कॅमेरा माळ्यावर पडून असतो आणि त्याच्या केसमध्ये असं एखादं मीटर असतं. ते भंगारात देऊ नका. खिडकीपाशी न्या, काटा हलतो का बघा. हलला तर उन्हात नेऊन वरच्या एफ १६ च्या नियमाशी ताडून पाहा. अर्ध्या स्टॉपचा फरक आला तरी साध्या निगेटिव्ह फिल्मला चालतो. मग ते कोरड्या डबीत, अंधारात ठेवा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत सेलेनियम लवकर थकतं. काकांचं मीटर एवढी वर्षं टिकलं ते त्या फडक्यामुळे.