मॅडम, पी.ए. आणि समुद्रफूल

घरात फिशटँक आहे म्हटलं की लोक विचारतात, ‘गोल्डफिश का?’ खाऱ्या पाण्याचा आहे म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, ‘म्हणजे निमो?’ हो बाबा, निमो. २००३च्या त्या सिनेमापासून क्लाउनफिशची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. पण निमो ज्या घरात राहतो त्या घराबद्दल कुणी विचारत नाही. ती झुलणारी, शेकडो बोटांची गादी सगळ्यांना डेकोरेशन पीस वाटते. आमच्याकडे इंटरनेटची वायर बदलायला आलेल्या मुलाने तर सरळ विचारलं होतं, ‘मॅडम, हे प्लास्टिकचं कुठून आणलं?’

प्लास्टिकचं नाही हो. ते समुद्रफूल आहे, सी ॲनिमोन. नावात फूल असलं तरी प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांच्या कुळातला. त्याला तोंड आहे, पोट आहे, चिकटून बसायला पाय आहे. मेंदू मात्र नाही. (हे वाचून ऑफिसमधलं कुणी आठवलं असेल तर तो तुमचा प्रश्न.)

आम्ही भावंडं रत्नागिरीची, त्यामुळे समुद्रफूल आम्हाला नवीन नव्हतं. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत ती दिसायची. बोट लावलं की आक्रसून मांसाचा गोळा व्हायची. म्हणूनच दादाने ठाण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टाकी मांडली तेव्हा आईची पहिली प्रतिक्रिया होती, ‘खडकावर फुकट बघायचात ते पैसे देऊन घरात आणताय? तेवढ्यात वर्षभराची पापलेटं आली असती.’

हिशोब चुकीचा नव्हता. २०१८ची दिवाळी होती. चार फुटी, साधारण अडीचशे लिटरची टाकी. पाणी, दगड, काच आणि लोखंडी स्टँड धरून साडेतीनशे किलोच्या आसपास वजन. घरमालक काका दोनदा येऊन फरशी बघून गेले. टाकीपेक्षा महाग निघाला तो चिलर. कारण या पाण्याला २५-२६ अंश तापमान लागतं आणि ठाण्यातला एप्रिल काही ऐकत नाही.

एवढा खर्च झाला आणि पहिला दीड महिना त्या टाकीत एकही मासा नव्हता. नुसते दगड, पाणी आणि समोर खुर्ची टाकून बसलेला दादा. मला वाटलं, ऑफिसचा ताण डोक्यात गेला. मग त्याने समजावलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. या जिवाणूंची वस्ती दगडांच्या छिद्रांत व्हावी लागते आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. पैसे टाकून ती एका दिवसात होत नाही. थोडक्यात काय, खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारा माणूस मासे पाळत नाही, पाणी पाळतो.

आणि हे पाणी भलतं मानी असतं. आमच्या गॅलरीतून खाडी दिसते, पण ते पाणी टाकीत घालायची सोय नाही. मीठ येतं पिशवीतून. साधं खाण्याचं मीठ नव्हे, समुद्राच्या पाण्यातली इतर खनिजंही असलेलं. ते विरघळवायचं फिल्टर केलेल्या, जवळजवळ शून्य क्षारांच्या पाण्यात. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, आणि खारटपणा उपकरणाने मोजायचा. मग रोज थोडं पाणी वाफ होऊन उडतं. आता इथे सगळे नवशिके खारं पाणी ओततात. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं! म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मला दोन मिनिटांत पटलं. आमच्याकडे येणाऱ्या बाईंना त्याहून आधी पटलं होतं. ‘आमटी आटली की आपण काय मीठ घालतो का ताई?’

जानेवारीत क्लाउनफिशची जोडी आली. एक मोठा, एक छोटा. मोठी ती मादी. या माशांचं गणित असं की जन्मतात ते सगळे नर म्हणून. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नर, बाकीचे वेटिंग लिस्टवर. मादी गेली तर नराचं प्रमोशन होतं आणि तो मादी बनतो. एकदा बनला की परत फिरणं नाही. दादाने त्यांना नावं दिली ‘मॅडम’ आणि ‘पी.ए.’. मॅडम पुढे, पी.ए. मागे. त्याने जरा आगाऊपणा केला की एक ढुशी.

समुद्रफुलासाठी दादा आणखी सात महिने थांबला. ॲनिमोन नव्या टाकीत तग धरत नाही. किमान सहा महिने मुरलेलं, स्थिर पाणी हवं. वर्ष झालं असेल तर उत्तम. प्रकाशही जोरदार लागतो, कारण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतात आणि त्याचं बरंचसं पोट तेच भरतात. ते शैवाल निघून गेले की ॲनिमोन पांढरं पडतं. मी दादाबरोबर एका दुकानात गेले तेव्हा अगदी दुधासारखं शुभ्र ॲनिमोन दाखवून दुकानदार म्हणाला, ‘फ्रेश पीस आहे.’ फ्रेश कसलं, उपाशी होतं ते. शेजारचं पिवळंधमक रंग देऊन पिवळं केलेलं होतं. आम्ही दोन्ही न घेता निघालो. (खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी हळूच ‘कोरल पण आहे’ म्हणालं तर तिथे थांबूसुद्धा नका.)

शेवटी मुलुंडच्या एका हौशी माणसाकडून बबल-टिप जातीचं ॲनिमोन मिळालं. समुद्रफुलांच्या हजारभर जाती आहेत, त्यातल्या जेमतेम दहांत क्लाउनफिश राहतात. बबल-टिप ही त्यातली घरात सांभाळायला त्यातल्या त्यात सोपी. शिवाय ती स्वतःचेच दोन भाग करून वाढते. आमचं हे तसंच वेगळं झालेलं होतं, समुद्रातून उपटलेलं नव्हतं. चहाच्या बशीएवढं, तपकिरी-हिरवं. आल्याआल्या ते चालायला लागलं. हो, चालतं ते, पायावर सरकत सरकत, मनाजोगती जागा मिळेपर्यंत. तीन दिवस त्याने आम्हाला झोपू दिलं नाही. पंपात ओढलं गेलं की त्याच्या चिंधड्या होतात, आणि ॲनिमोन टाकीत मेलं की कुजून पाणी असं बिघडवतं की सकाळपर्यंत मासेही जातात. दादाने पंपांना आधीच स्पंज बांधून ठेवला होता. चौथ्या दिवशी ते एका कपारीत पाय रोवून बसलं आणि त्याच रात्री मॅडम त्यात शिरल्या.

मग १२ ऑक्टोबर २०२०. मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येकाला तो सोमवार आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, वर्क फ्रॉम होम करणारे सगळे एकदम बेकार. आमच्या घरात सगळ्यात आधी जाणवला तो आवाज, म्हणजे आवाज नसणं. पंप थांबले होते. हलत्या पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो. पाणी थांबलं की तो संपत जातो. मासे घुसमटतात आणि दगडांतले ते उपकारी जिवाणूही. घरात एक छोटा इन्व्हर्टर होता, दादाने राउटरसाठी घेतलेला. त्याचा क्लायंट कॉल सुरू होता. त्याने कॉलच्या मधेच राउटरची पिन काढली आणि हवेचा पंप जोडला. मी मगने पाणी उपसून उंचावरून परत ओतत बसले. फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या तरंगत सोडल्या. दुपारी वीज आली तेव्हा माझा खांदा उचलत नव्हता. ॲनिमोन आक्रसून मुठीएवढं झालं होतं. संध्याकाळी फुललं. मॅनेजरचं फुलायला आठवडा लागला.

खरी परीक्षा २०२१च्या जूनमध्ये आली, तीसुद्धा भेटवस्तूच्या रूपाने. दादाचा एक मित्र शहर सोडून चालला होता. त्याने आपला ब्लू टँग, म्हणजे सिनेमातली डोरी, आम्हाला देऊन टाकली. चार फुटी टाकी तिला अपुरीच. मी म्हटलं, आधी काही आठवडे वेगळी ठेवू. दादा म्हणाला, ‘एकच तर मासा आहे.’ आठ दिवसांत ती दगडांवर अंग घासायला लागली. मग अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. मग मॅडमच्या पंखांवर तेच.

हा परजीवी मोठा चिवट. माशावर वाढतो, गळून तळाशी पडतो, कोष करतो आणि एका कोषातून शेकडो नवे बाहेर पडतात. त्यावर तांब्याचं औषध चालतं. पण तांबं म्हणजे समुद्रफुलाचं मरण, आणि दगडांत एकदा मुरलं की टाकीतून पूर्ण काढणं कठीण. दुकानदाराने बाटली पुढे केली. ‘थोडंसं टाका, काही होत नाही.’ मासे वाचवायचे तर ॲनिमोन जाणार, ॲनिमोन ठेवायचं तर मासे जाणार. बाटली हातात घेऊन आम्ही दोघं टाकीसमोर उभे होतो.

तिसरा रस्ता होता, फक्त लांबचा. मासे वेगळ्या टबमध्ये काढायचे आणि औषध तिथे द्यायचं. मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. अंगावर जगायला मासा मिळाला नाही की परजीवी आपोआप संपतो. ॲनिमोनच्या अंगावर त्याचं भागत नाही. साठ लिटरचा निळा टब हॉलमध्ये आला. त्यात स्पंजचा फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. कालनिर्णयवर मी आकडे टाकायला लागले. चौथ्या दिवशी डोरी गेली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मॅडम तळाशी आडव्या पडलेल्या होत्या, आणि पी.ए. नेहमीसारखा त्यांच्या मागे, हातभर अंतरावर. दादा काही बोलला नाही. दहाच्या मीटिंगला त्याने कॅमेरा बंद ठेवला.

उरलेले दिवस मी टाकीसमोर जास्त बसायचे. एकटं ॲनिमोन झुलत असायचं. आठवड्यातून दोनदा चिमट्याने कोळंबीचा बारीक तुकडा द्यायचा. बोटं तो हळूच मुडपून तोंडाकडे नेतात. तोंड घट्ट मिटलेलं असलं, बोटं चिकट असली की समजायचं ठीक चाललंय. आ वासून राहिलं तर काळजी. मधूनच ते फुस्स होऊन लोळागोळा व्हायचं, पण ते फक्त पोटातली घाण बाहेर टाकणं असतं. तासाभरात परत टवटवीत.

त्याच दिवसांत मी ‘ग्रॅनी’बद्दल वाचलं. जॉन ग्रॅहम डॅलियल नावाच्या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लालसर समुद्रफूल घरी आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. १८५१मध्ये ते गृहस्थ वारले. समुद्रफूल नाही. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं आणि १८८७मध्ये एडिनबरात गेलं. बरणीत ५९ वर्षं! ना चिलर, ना लाइट, नुसतं वेळच्या वेळी बदललेलं समुद्राचं पाणी आणि बरणी पुढच्याच्या हातात देणारं कुणीतरी. मी हे दादाला वाचून दाखवलं. आमचं फ्लॅटचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं. दादाचा प्रोजेक्ट सहा महिन्यांचा. माझं तर काय, दर लेखाला नवं आयुष्य.

ऑगस्टच्या शेवटी ७६ भरले. पी.ए. टाकीत सुटला आणि ॲनिमोनपासून लांब, एका कोपऱ्यात जाऊन राहिला. मला वाटलं, विसरला. पण तसं नसतं. अंगावरच्या चिकट आवरणामुळे क्लाउनफिशला ॲनिमोनचे डंख लागत नाहीत. बराच काळ दूर राहिलं की ते संरक्षण कमी होतं आणि माशाला पुन्हा सवय करून घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो जवळ गेला, शेपटी टेकवली आणि दचकून पळाला. परत आला. पोट टेकवलं. पळाला. दिवसभर हेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले तर बोटांमधून फक्त त्याचं तोंड बाहेर दिसत होतं.

२०२२मध्ये दादाची बदली बंगळुरूला झाली. टाकी माझ्याकडे राहिली. पी.ए.साठी एक छोटा जोडीदार आणला, टाकीतच पैदास झालेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातला पकडून आणलेला घ्यायचं कारण नाही. पी.ए. आता पी.ए. राहिलेला नाही. चांगला दुप्पट झालाय आणि नव्याला ढुशा मारतो. मारते. दादा फोनवर विचारतो, ‘मॅडम कशा आहेत?’ आणि आम्हा दोघांनाही माहीत असतं कुठल्या.

ॲनिमोन आता जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. मागच्या नोव्हेंबरात ते दोन दिवस लांबट ताणलं गेलं आणि मधोमध फाटून दोन झालं. मी आधी घाबरले, मग मुलुंडच्या त्या हौशी माणसाला फोन केला, तर ते अभिनंदन म्हणाले. एक भाग जुन्या कपारीत आहे, दुसरा सरकत टाकीच्या उजव्या टोकाला गेलाय. तो माझ्या एका मैत्रिणीला हवाय. ती घोडबंदरला राहते, दोनशे लिटरची टाकी आहे, लाइट चांगला आहे, पंपांना स्पंज बांधलेत म्हणते. पण टाकी चारच महिन्यांची आहे. मी तिला आणखी थांबायला सांगितलंय. दर रविवारी ती फोन करून आकडे वाचून दाखवते. खारटपणा, तापमान, नायट्रेट. मी वहीत उतरवून ठेवते.