कौलांखाली अ‍ॅटॅच्ड बाथरूम

कोकणातलं कौलारू घर म्हटलं की आपल्याला आठवतात आंबे, झोपाळा आणि वीकेण्डचे फोटो. पण जुलैच्या पावसात रात्री दोन वाजता परसातल्या संडासला जाऊन बघा! अंजर्ल्याला आमची आजी ऐंशीव्या वर्षीही तेच करत होती. म्हणून ठरलं, मागच्या पडवीतच बाथरूम. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘कौलं काढा, स्लॅब टाका.’ आजी म्हणाली, ‘मग मी आपली बाहेरच बरी.’

मी टेप घेऊन पडवी मोजली. घराच्या भिंतीशी उंची साडेनऊ फूट, आठ फुटांवर वळचणीला साडेपाच. बस्स, उतारानेच लेआउट ठरवून टाकला! शॉवर उंच बाजूला. कमोड बुटक्या भिंतीला पाठ लावून, कारण तिथे बसायचंच असतं. उठून उभं राहायला पुढे साडेसहा फूट मिळतात. शिवाय पाइप थेट बाहेर, सेप्टिक टँककडे. शेजारी आजीला धरायला दांडा. बेसिन मधे, आडव्या भिंतीवर. जांभ्याच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग मात्र मस्ट. आणि शॉवरच्या वर एक काचेचं कौल, म्हणजे दिवसा लाइट नको.

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. ही कौलं आजही टिकून आहेत, कारण एक फुटलं तर एकच बदलायचं. स्लॅब गळला तर?

तेव्हा गावच्या घरासाठी स्लॅबचं कोटेशन मागवण्याआधी सॅकमध्ये एक मेजरिंग टेप टाका!