कोरी कल्पना

डोंबिवलीत घर घेताना माणूस पाण्याची चौकशी करतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतो. आसपास कुणी लेखक आहे का, हे विचारायचं राहून जातं. ज्या गावात पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे राहिले, तिथे खरं तर हे आधी विचारायला हवं. माझी पंचाईत अशी झाली, की लेखक शेजारी नव्हे, घरातच निघाला. माझा पुतण्या. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रविवारी पोह्यांची बशी खाली ठेवत त्यानं जाहीर केलं,

"काका, मी अद्भुत कादंबरी लिहितोय."

"वा! कुठवर आली?"

"सुरू व्हायचीय. आयडिया ठरली की बसणारच. पण आयडिया कोरी पाहिजे. जगात कुणीच वापरलेली नको."

कोरा चहा आणि कोरं कापड मला ठाऊक होतं. कोरी कल्पना कुठल्या दुकानात मिळते, याची मला कल्पना नव्हती. पण काका म्हटल्यावर मदत करणं आलंच.

त्याची पहिली कल्पना अशी: गरिबाघरी वाढलेला एक मुलगा, प्रत्यक्षात मोठ्या राजकुळातला.

"कर्ण," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. लसूण सोलता सोलता.

दुसरी कल्पना: स्मशानातलं प्रेत राजाला गोष्टी सांगतं.

"वेताळ!"

तिसरीत सुताराने केलेलं उडतं यंत्र होतं. इथे सौ. गप्प राहिली, म्हणून मी पुढे सरसावलो. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' अकराव्या शतकातला. विमान बनवणारा सुतार त्यात आहे, आणि मघाचा वेताळही तिथेच मुक्कामाला आहे.

"पण मराठीत तर हे नसेल ना?" पोराचा आवाज खोल गेला होता.

मराठी कादंबरी पाळण्यात होती तेव्हापासूनच तिला अद्भुताचं बाळकडू मिळालेलं. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. आमच्या शेजारचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, म्हणजे मंजुघोषा त्याहून चार वर्षांनी धाकटी! पुढे गो. ना. दातारांनी तर रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढवला आणि लोकांच्या झोपा उडवल्या. उसनी का असेना, गोष्ट रंगली की वाचक पावती मागत नाही, असं मी त्याला समजावलं. त्याला ते अजिबात पटलं नाही.

"हॅरी पॉटर बघ," तो म्हणाला. "त्या बाईंना ती आयडिया 1990 साली रेल्वेत सुचली. मँचेस्टरहून लंडनला जाताना. गाडी चार तास लेट होती."

हे ऐकून मी हादरलोच. गाडी लेट होऊन कल्पना सुचत असत्या, तर कल्याण-डोंबिवलीचा एकेक पासधारक आज नामवंत कादंबरीकार असता. त्या वेळी बाईंजवळ म्हणे चालणारं पेन नव्हतं आणि लाजेपायी त्यांनी कुणाकडे मागितलं नाही. आमच्याकडे पेन असायचं. खिशापर्यंत हात पोचायचा नाही, एवढंच.

पण मला सुचलं नव्हतं असं नाही. आता सांगायला हरकत नाही. 1984 साली मीही बावीस वर्षांचा होतो. नोकरी ठाण्याला. तेव्हा फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. 1916 सालचा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. गाडी आत शिरली, की डब्यातल्या गप्पा थबकायच्या आणि मला वाटायचं, पलीकडे बाहेर पडू तेव्हा भलताच काळ असेल. कल्याणच्या बंदरात परदेशची गलबतं लागलेली असतील. एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं. मग वाटलं, हे आधी कुणी लिहिलेलं तर नाही ना, तेवढं पाहून घ्यावं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून पुस्तकं जमवतंय. मी पाहू लागलो. पाहता पाहता लग्न झालं, बढती झाली, निवृत्ती झाली. वही माळ्यावर आहे. 'श्री'च्या पुढे काही नाही.

हे मी त्याला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"हिरवा पाऊस आठवतोय तुला?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

आठवतोय म्हणजे काय! 2014 च्या जानेवारीत आमच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला हिरवा पाऊस पडला होता. हा तेव्हा दहा वर्षांचा. डबक्यात हिरवं पाणी बघून घरी आला आणि रात्रभर त्यानं झोपू दिलं नाही. आपणही हिरवे होणार का, एवढंच विचारत होता. पुढे 2020 साली तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला. मोठ्यांनी दोन्ही वेळा कारखान्यांना शिव्या घातल्या आणि गाडी पकडायला गेले.

"एका गावात पाऊस हिरवा पडतो," तो म्हणाला. "आणि लोक छत्री उघडून कामाला जातात. एक मुलगा तेवढा जात नाही."

मी सौ.कडे पाहिलं. लसूण थांबला होता. आतून नाव आलं नाही.

"अरे, पण हे तर खरंच घडलंय!" मी म्हटलं.

"म्हणूनच कुणी लिहिलं नसेल."

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून वही काढून दिली. कादंबरी तो मोबाईलवरच लिहितो, अंगठ्यानं; पण अद्भुत कादंबरीला नकाशा लागतो म्हणे, त्यासाठी वही कामी आली. परवा चोरून पाहिली. माझा 'श्री' जागच्या जागी. खाली दुर्गाडी, खाडी, बोगदा. आमच्या इमारतीच्या जागी एक गुहा, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'येथे एक म्हातारा चाळीस वर्षे कोरी वही राखीत बसला आहे.'

मी सौ.ला दाखवलं. म्हटलं, "हा कुठून घेतलाय, सांग बरं!"

"हा कुठूनही घेतलेला नाही," ती म्हणाली. "हा मी चांगला ओळखते."