सांडलेले तांदूळ

केरिस, जावाचा खंजीर, हातात घ्यायचा तो दोन्ही हातांनी, क्षणभर कपाळाशी नेऊन. पातं खसकन उपसायचं नसतं. अंगठ्याच्या नेटाने म्यानच हळूहळू मागे सारायची, आणि त्या तिमोहो लाकडाच्या, काळ्या डागांनी भरलेल्या म्यानेतून नागमोडी लोखंड इंचाइंचाने उजेडात येऊ द्यायचं. आधी नुसता काळोख दिसतो. मग डोळे सरावले की त्या काळोखात, ढगांआडून चांदणं झिरपावं तशा, रुपेरी रेषा वाहताना दिसू लागतात.

हाच तो पामोर.

लोखंड आणि निकेलचा अंश असलेला धातू यांच्या घड्यांवर घड्या घालत, तापवत, ठोकत जावाचे एम्पू, म्हणजे केरिस घडवणारे लोहार, ही नक्षी पात्याच्या पोटातूनच वर आणत. प्रम्बाननजवळ पडलेली उल्का 1797 मध्ये सुराकार्ताच्या राजवाड्यात नेली गेली आणि तिच्यातलं आकाश थोडं थोडं करून पात्यांत उतरलं. काही नक्षी मनात धरून घडवलेली असते. 'उदान मास', म्हणजे सोन्याचा पाऊस, हा त्यातलाच: वर्तुळात वर्तुळ, थेंबाशेजारी थेंब, ओळीत उभे. व्यापाऱ्यांचा तो लाडका. पण माझी नजर अडते ती 'वोस वुताह'वर, सांडलेल्या तांदळांवर. नव्या नवरीच्या पावलाने उंबरठ्यावरचं माप कलंडावं आणि दाणे वाटेल तिथे, तरी शुभच पडावेत, तशी ती पात्यावर विखुरलेली असते. ती काढता येत नाही. पडते.

पारखणारा मात्र इतक्या लवकर भाळत नाही. तो आधी वळणं मोजतो. ती विषमच हवीत. मग बुडाशी येतो, जिथे पातं एका बाजूला रुंदावतं आणि हत्तीच्या सोंडेसारखा एक इवलासा आकडा बाहेर वळतो. 'कम्बांग काचांग'. करंगळीच्या नखाएवढं ते लोखंड, पण आधी मोडतं तेच. मग टिचकी मारून तो कान देतो, तळहातावर वजन घेतो. जुन्या जाणत्यांनी त्याला तीन कसोट्या देऊन ठेवल्या आहेत: तांग्गुह, उतुह, सेपुह. कुठल्या काळाची, कुठल्या राज्याची घडण, किती शाबूत, किती जुना.

शाबूतही हवा आणि जुनाही! मागणारा मोठा धूर्त म्हणायचा.

कारण केरिस लढाईत झिजत नाही, झिजतो तो मायेने. जावी वर्षाचा पहिला महिना सुरो लागला की घराघरांतून पाती बाहेर निघतात. लिंबाच्या रसाने गंज उतरवतात, मग सोमल आणि लिंबाचा रस लावून लोखंड पुन्हा काळं करतात, सुगंधी तेल माखतात. दर स्नानात लोखंडाचा एक अदृश्य पापुद्रा जातो. निकेल दाद देत नाही, ते राहतं. आजोबांनी, पणजोबांनी, त्यांच्याही आधीच्या कुणी अंघोळ घातलेल्या पात्यावरून बोट फिरवलं तर भोवतालचं काळं लोखंड खोल गेलेलं आणि तांदूळ वर उमटलेले लागतात, धार कातरलेली, वळणं बारीक झालेली, आणि ती बारीक वळणं नव्या पात्याच्या भरदार वळणांपेक्षा कितीतरी अधिक जिवंत.

तेजाबात बुडवून हे म्हातारपण थोडक्या दिवसांत आणता येतं, आणतातही. पण तेजाब सगळीकडे सारखंच खातं. माणसाचा हात कुठे रेंगाळतो, कुठे घाई करतो. त्यापेक्षा स्वातंत्र्यानंतर घडलेला, स्वतःला उघडपणे 'कामार्दिकान' म्हणवणारा नवा केरिस मला अधिक खानदानी वाटतो.

लावू पर्वताच्या उतारावर सुकुह मंदिरात पंधराव्या शतकातला एक शिलापट आहे. भीम लोहार होऊन पातं घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मधोमध गणपती नाचतो आहे. तिथे कुणाला किंमत विचारावी? जावातही विचारत नाहीतच म्हणा. केरिस विकत घेतला असं न म्हणता मेहर देऊन घरी आणला म्हणतात. काहीजण तर आधी रात्रभर उशाखाली ठेवून स्वप्न काय पडतं ते पाहतात, मग होकार देतात. यावर हसू येतं खरं, पण पामोरची जात ओळखून भाव ठरवणारा फार शहाणा आणि स्वप्नाची वाट पाहणारा भोळा, असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

एकीकडे अखंड सोंडेचा, ताठ, सोन्याच्या पावसाचा केरिस. दुसरीकडे सोंड तुटलेला, झिजून पानासारखा हलका झालेला, सांडलेल्या तांदळांचा. माझ्या हिशेबी मोलाचा दुसरा. सुराकार्ताच्या त्रिविंदू बाजारातल्या एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला हे सांगून पाहावं. तो मान डोलावेल, चहा पुढे करेल, आणि मेहर मात्र सोंड पाहूनच सांगेल.