अपराध कोणाच्या नावे?

युद्धविषयक विज्ञानकादंबरीकडे मराठी समीक्षेने बहुधा करमणुकीचा प्रकार म्हणूनच पाहिले. याने आणि शस्त्रास्त्रे यांच्या गजरात नैतिक प्रश्नाला जागा उरतच नाही, असे त्यामागचे गृहीत दिसते. ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाची १९८५ सालची ‘एंडर्स गेम’ ही कादंबरी या गृहीताला छेद देते.

कीटकसदृश परग्रहवासीयांनी पूर्वी दोनदा केलेल्या आक्रमणाचा धसका घेऊन मानवजात त्यांच्या ग्रहांकडे आरमार धाडते. त्याचे नेतृत्व करण्यासाठी एंडर या मुलाला लहानपणापासून घडवले जाते. शेवटची लढाई तो परीक्षा समजून खेळतो आणि शत्रूचा ग्रह नष्ट करतो. ती लढाई खरी होती, हे त्याला नंतर कळते. माणसे विचारशील आहेत हे उमगल्यावर शत्रूने पुन्हा आक्रमण न करण्याचे ठरवले होते, हे त्याला त्याहूनही उशिरा कळते. सूड उगवला गेला तो पश्चात्ताप झालेल्यांवर. आणि ज्याच्या हातून तो उगवला, त्याला आपण सूड घेत आहोत याची जाणीवच नव्हती.

मराठी वाचकाला येथे अश्वत्थामा आठवणे स्वाभाविक आहे. मरणासन्न दुर्योधनाने दिलेले सेनापतिपद हे त्याचे कर्तव्य, तर पित्याचा वध हे त्याच्या सूडाचे कारण. रात्रीच्या संहारात ही दोन्ही एकरूप होतात. पुढे त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भापर्यंत पोहोचते. परंतु अश्वत्थाम्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते. म्हणूनच जखमेसाठी तेल मागत भटकणारी त्याची लोकमानसातील प्रतिमा करुण असली, तरी निर्दोष नाही. कर्ता आणि कर्म यांच्यामध्ये तेथे पडदा नाही. कार्ड मात्र तो पडदा मुद्दाम उभारतो. अपराध घडतो, आणि अपराधी निष्पाप राहतो.

हा पडदा सोलापूरच्या वाचकाला अधिक बोचण्याचा संभव आहे. महात्मा गांधींच्या अटकेनंतर १९३० च्या मे महिन्यात या शहरात क्षोभ उसळला. गोळीबार झाला, जमावाच्या हातून पोलीस मारले गेले आणि शहरावर मार्शल लॉ लादण्यात आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. जमावाच्या कृतीला शासनाने चार नावे दिली. गोळीबाराची आज्ञा मात्र ‘कर्तव्य’ या सदरात जमा झाली. शहराने त्या चौघांना हुतात्मा मानून हा हिशेब नाकारला.

सामूहिक कृतीचा अपराध कोणाच्या नावे मांडायचा, हाच कादंबरीचाही मूळ प्रश्न आहे. एंडर तो आपल्या नावे मांडून घेतो. जिंकलेल्यांच्या जल्लोषात तो सहभागी होत नाही. हरलेल्यांची कथा लिहितो आणि त्यांच्या वंशाचा उरलेला अंश जपतो. या स्वीकारात कादंबरीची उंची आहे. पण तिची मर्यादाही तेथेच आहे. त्याला फसवून लढवणाऱ्या कर्नल ग्राफवर खटला चालतो, त्यात तो निर्दोष सुटतो, आणि कथन तेथे फारसे रेंगाळत नाही. एका संवेदनशील मुलाने अपराध स्वतःवर घेतला की आज्ञा देणारी संस्था आपोआप मोकळी होते.

म्हणून अशा कृतीचे मूल्यमापन नायकाच्या पश्चात्तापाच्या खोलीवरून करणे अपुरे ठरते. आज्ञा देणाऱ्याला ती कितपत मोकळे सोडते, हेही पाहावे लागते. ‘एंडर्स गेम’ पहिल्या कसोटीस निःसंशय उतरते. दुसरीपाशी ती अडखळते.