किमान उंची ६४०

पतसंस्थांसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमधला कर्जअर्जाचा डायलॉग. एका शाखेतून तक्रार आली, ‘जतन करा’ बटणच दिसत नाही. एंटरवर तेच बटण दाबलं जातं म्हणून तिथल्या मॅडम न बघताच अर्ज जतन करत होत्या.

जुन्या कोडमध्ये किमान उंची ६४० पिक्सेल लिहिलेली होती. शाखेतला लॅपटॉप १३६६ × ७६८ चा, त्यावर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के. आमचा प्रोग्राम डीपीआय न ओळखणारा, त्यामुळे त्याच्या लेखी स्क्रीनची उंची उरली जेमतेम ६१४. त्यातूनही टास्कबार वजा. डायलॉग कितीही ओढा, ६४० च्या खाली यायला तयार नाही.

‘५६० करून टाक, विषय संपव,’ असं सहकारी म्हणाला. मला ते पटेना. आकडा कुठलाही ठेवला तरी कुठल्या ना कुठल्या मशीनवर तो नडणारच. शिवाय लेबलं मराठी, आणि ओळींची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची. ‘मुद्दल’चा उकार खालून छाटलेलाच असायचा.

म्हणून प्रत्येक लेबल त्याच्या फॉन्टमध्ये मोजलं आणि त्या मापांवरून किमान आकार काढला. तो स्क्रीनच्या मोकळ्या जागेपेक्षा मोठा निघाला तर मधल्या भागाला स्क्रोल. बटणांची पट्टी मात्र तळाशी पक्की.

विंडोज हा आकार डब्ल्यूएम_गेटमिनमॅक्सइन्फो या मेसेजमधून विचारतं. त्याला शीर्षकपट्टी आणि कडांसकट माप लागतं. आपण मोजलेलं असतं ते फक्त आतलं. तो फरक अ‍ॅडजस्टविंडोरेक्टएक्सने भरून निघाला. खरी गंमत पुढे. हा मेसेज डब्ल्यूएम_इनिटडायलॉगच्याही आधी येतो, तेव्हा मोजायला आत काहीच नसतं. माप तयार नसेल तर विंडोजच्या आकड्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं.

डायलॉग मोठा केला की वाढलेली जागा कुणाला द्यायची, यावर मात्र चांगलीच जुंपली. सगळे रकाने सारखे वाढवा, असा एक आग्रह होता. पिनकोडचे आकडे सहा, त्याचा रकाना वीतभर कशाला? मी सगळी जागा जामीनदारांच्या यादीला दिली. डिझायनरला ते अजून खटकतं.