पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा थट्टेने योजतो. परंतु पायदळाच्या शिपायास गस्तीवर निघताना आपले बिऱ्हाड खरोखरच पाठीवर घ्यावे लागते, आणि त्यात काय असावे व काय नसावे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, याची प्रचीती आम्हां दहा जणांस गेल्या दसऱ्यानंतर आली. आम्ही राष्ट्रीय छात्रसेनेचे विद्यार्थी. आंबोलीचा घाट उतरून दाणोली, सावंतवाडी, कुडाळ, नेरूरपार, धामापूर या वाटेने चार दिवसांत पायी मालवण गाठावयाचे, वाटेत दुकानातून काही घ्यावयाचे नाही आणि रात्री पाळीपाळीने पहारा ठेवावयाचा, असा बेत होता. अंतर सुमारे ८० किलोमीटर.

आमच्यातील एका सोबत्याचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. या पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावी आहे आणि आमच्या मुलखातील कित्येक घरांतून तेथे गेलेला एखादा तरी पुरुष निघतो. निघण्याच्या आदल्या दिवशी आमचे सामान तपासण्याचे काम सुभेदारमामांनी आपण होऊन पत्करले. लष्करात पाठीवरच्या पिशवीस पिट्टू म्हणतात. आमचे दहा पिट्टू अंगणात ओळीने मांडलेले पाहून ते क्षणभर उभे राहिले व म्हणाले, "ह्यां सगळां घेऊन लग्नाक चललास काय रे?"

मग शेजारच्या घरून भाताचा काटा आणविला. सर्वांत जड पिट्टू १९ किलोंचा भरला. आमच्यातील सर्वांत लहान मुलगा स्वतः ४१ किलोंचा, आणि त्याचा पिट्टू १६ किलोंचा. सुभेदारमामांनी नियम सांगितला, की अंगाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक ओझे कोणी घ्यावयाचे नाही. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्यातील एकाने इंग्रजांच्या नौसैनिकांची गोष्ट वाचली होती. १९८२ साली फॉकलंड बेटांवर हेलिकॉप्टरे वाहून नेणारे जहाज बुडाल्यामुळे त्या शिपायांनी प्रत्येकी सुमारे ३६ किलो ओझे घेऊन तीन दिवसांत जवळजवळ ९० किलोमीटर मजल मारली. तो ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगू लागला. मामांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "उद्या तुमच्यातल्या एकाचो पाय मुरगळलो, तर तेका कोण उचलतलो? पिट्टू भरताना एक माणूस उचलूची ताकद शिल्लक ठेवूक व्हयी."

हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. आपल्यास किती उचलता येईल, एवढेच जो तो पाहत होता. जे उचलावयाचे नाही त्याचाही हिशेब पिट्टूत धरावा लागतो, हे ऐकून आम्ही पुन्हा सर्व सामान बाहेर काढले.

प्रथम गेले ते दुसरे बूट. त्यामागून जाड ब्लँकेटे, दाढीचे आरसे (दाढी कोणासच नव्हती), फोन भारण्याच्या जड बॅटऱ्या आणि एकाने लपवून आणलेला चेंडू. कठीण प्रसंग आला तो आयांनी बांधून दिलेल्या डब्यांचा. कोणाकडे तांदळाचे लाडू, कोणाकडे खाजे, कोणाकडे कडक बुंदीचे लाडू. ते परत घरी धाडणे म्हणजे केवढा अपराध! मामांनी सर्व डबे एकत्र करविले आणि आदल्याच रात्री पंगत बसविली. जे जड ते आधी पोटात, असा त्यांचा निवाडा. इतका मान्य झालेला हुकूम लष्करातही विरळाच असेल.

उरले ते असे. पाणी प्रत्येकी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. त्यात काटछाट नाही. पोहे, गूळ, भाजलेले चणे, तांदूळ, कुळथाचे पीठ आणि थोडी सुकट. कुळथाची पिठी दहा मिनिटांत शिजते व थकलेल्या माणसाच्या घशाखाली सहज उतरते. आमच्या मते कोकणाने प्रवाशास दिलेली ही मोठीच देणगी आहे. कोकमाचे आगळ एका लहान बाटलीत, कारण ऑक्टोबरच्या उन्हात घामावाटे मीठ जाते, ते पाण्यासोबत पोटात परत गेले पाहिजे. मोज्यांचे तीन जोड. कपड्यांचे दोनच जोड, एक चालण्याचा व एक निजण्याचा. निजण्याचा जोड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला असावा आणि काही झाले तरी दिवसा अंगात घालू नये. सह्याद्रीच्या कडेला दसऱ्यानंतरही दुपारचा पाऊस येतो. मग सकाळी उठून कालचे ओले कपडे पुन्हा चढवावे लागतात. ते जिवावर येते खरे, पण दोन्ही जोड भिजले तर रात्रीची झोप गेली आणि झोप गेली की चालणे गेले.

औषधांच्या बाबतीत मामांनी हात आखडला नाही. दोडामार्ग आणि बांदा या भागांत २०१६-१७ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो. म्हणून अंगास लावण्याचे तेल आणि पोटरीवर ओढून घेता येतील असे लांब मोजे हवेतच. शेताच्या चिखलातून लेप्टोचे जंतू पायाच्या जखमेवाटे अंगात शिरतात, म्हणून लहानशा खरचटीवरही पाणी न शिरणारी पट्टी लावावयाची.

भरण्याचीही रीत ठरलेली. जड वस्तू पाठीलगत व खांद्यांच्या जवळ, हलक्या बाहेरच्या अंगास. विजेरी, पट्टी व पावसाचे आच्छादन सर्वांच्या पिट्टूत एकाच जागी, म्हणजे काळोखात एकाने दुसऱ्याच्या पिट्टूत हात घातला तरी वस्तू सापडावी. शेवटी प्रत्येकास पिट्टूसह जागच्या जागी उड्या मारावयास लावले. ज्याचा डबा खडखडला त्याने तो मोज्यांत गुंडाळून पुन्हा भरला. गस्त ऐकू येऊ नये.

मग प्रत्येकाच्या सामानाची यादी लिहिली गेली. ही रीत आपल्या मुलखास नवी नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराची शिस्त वर्णिली आहे. दसरा होताच फौज आठ महिन्यांसाठी बाहेर पडे. निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंची नोंद होई आणि परतल्यावर तीवरून झडती घेतली जाई. बायका व कलावंतिणी यांस फौजेत मज्जाव होता. पुढे याच मुलखात बादशाही छावणी अवजड सामानासह गावोगाव सरकत राहिली आणि मराठ्यांचे हलके घोडदळ तिच्याभोवती फिरत राहिले, हे आम्ही इतिहासात पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हांस काट्यावर कळला.

सामाईक सामान वाटताना मात्र पेच पडला. भाताचा मोठा टोप अडीच किलोंचा. लहान मुलाचा पिट्टू नियमाप्रमाणे दहा किलोंवर आला होता, त्यामुळे टोप त्याच्या वाट्यास आला नाही. त्यास दोरी व काड्यापेट्या दिल्या. तो काही बोलला नाही, परंतु त्या रात्री त्याने लाडूही घेतला नाही. त्याचे दुःख आम्हां सर्वांस समजत होते, पण काट्यापुढे उपाय काय?

तिसऱ्या दिवशी नेरूरपारचा पूल ओलांडून काळशाच्या बाजूस एका पायवाटेने जात असता आमच्यातील सर्वांत धिप्पाड मुलाचा पाय मुरगळला. टोप त्याच्याच पाठीवर होता. दोन बांबू मिळाले, त्यांवर गुंड्या लावलेले सदरे ओवून झोळी केली, दोरीने आवळली आणि चौघांनी उचलली. दर दहा मिनिटांनी खांदे बदलत सुमारे दोन किलोमीटर चालून आम्ही मोटाररस्त्यास लागलो. तेथून बरोबरच्या शिक्षकांनी त्यास गाडीने दवाखान्यात नेले. त्याचा पिट्टू रस्त्याकडेला उघडला गेला. तांदूळ एकाने घेतले, पाणी दुसऱ्याने. टोप कोणी घेतला, हे त्या गडबडीत कोणाच्याच ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालवणच्या धक्क्यावर सुभेदारमामा यादी घेऊन बसले होते. समोर सिंधुदुर्ग किल्ला उन्हात तळपत होता आणि आमचा सोबती पायास पट्टी बांधून होडीच्या कडेवर बसला होता. एका मासळीवाल्या काकीचा काटा मागून आणला. न वापरलेल्या वस्तूंपुढे मामा फुली मारीत होते; मेणबत्त्यांवर फुली पडली, दुसऱ्या साबणावर पडली. अन्न संपल्यामुळे बहुतेकांचे पिट्टू सहा-सात किलोंवर उतरले होते. लहान मुलाचा साडेनऊ भरला. मामांनी यादी पाहिली, पिट्टू उघडून आत पाहिले आणि काही न बोलता त्याच्या नावापुढे 'टोप १' असे लिहिले.